एका पंगतीची पाखरं

मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत शेषगिरीरावांचं घर विचारलंत तर कुणी नंबर सांगत नसे. 'चिवचिवाट ऐकू येतोय ना, त्याच्या मागे जा' म्हणत. रेल्वेच्या कचेरीत जन्म घालवून पेन्शनीत निघालेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात थोरली विधवा बहीण सकवारबाई, गिंडीच्या एका कारखान्यात कामाला जाणारा मुलगा विद्याधर आणि नुकतीच आलेली सून विद्युलता. माणसं एवढीच. आणि कूडमात, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत, तो पिंजरा. पिंजरा कसला, कपाटच! जुन्या सागवानी कपाटाची दारं आणि पाठ काढून सुताराकडून बारीक जाळी मारून घेतलेली. त्याला नाव काय, तर 'संगीत महाल'. आजोबा कधीकाळी तंजावरच्या राजवाड्यात पागेवर कारकून होते. तेवढ्या नात्यानं राजवाडा थोडासा आपलाही आहे, अशी शेषगिरीरावांची मनोमन समजूत. आता बघा, घोड्यांची चंदी मोजणारा आजोबा, आणि नातवाचा तोरा संगीत महालाचा!

माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चारचौघांत मान खाली जाता कामा नये, हा एक किडा डोक्यात जन्मापासून वळवळत होता. आणि ती मान ताठ ठेवायचं काम आयुष्यभर घरातल्या बायकांनी केलं. लहानपणी त्यांनी फोडलेल्या लोणच्याच्या बरण्या सकवारबाईंच्या नावावर जमा होत. लग्नानंतर बायकोच्या नावावर होऊ लागल्या. कुणाच्या मुंजीला जायचं हे विसरले की बायको म्हणे, "अय्यो, मीच सांगायचं विसरले." शेषगिरीराव शेजारी उभे राहून उपरणं सारखं करत. त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. घर म्हणजे असंच असतं, असं वाटे.

महालात कोण कोण होतं म्हणाल तर काळ्या डोक्याच्या मुनिया, ठिपक्याठिपक्यांच्या मुनिया, परदेशातून आलेली पट्टेरी झेब्रा फिंच चिमण्यांची जोडी, गुलाबी चोचीच्या जाड मानेच्या जावा चिमण्या आणि सुगरणीचा एक नर. मूर मार्केटच्या पाखरांच्या दुकानांतून एकेक करून आणलेली. इतक्या जातींची पाखरं एकत्र कशी नांदतात, असं कुणी विचारलं की शेषगिरीराव खुलत.

"ह्यांचं खाणं काय? राळे. त्यांचं? राळे. मग झालं तर! एक अन्न खातात ते एका पंगतीला बसतात. त्याला काय शास्त्र होणा? शास्त्र कशाला पाहिजे!"

गल्लीतले लोक माना डोलवत. पंगतीचं गणित सगळ्यांना पटण्यासारखंच. पण मला सांगा, पंगतीत कुणाचं कोपर कुणाच्या पानावर येतं, कोण कुणाच्या द्रोणाकडे डोळे वटारून बघतो, हे बसणाऱ्या पुरुषांना कधी कळलंय? ते वाढणाऱ्या बायकांना विचारावं. महालातही तसंच चाललं होतं. जावा चिमण्या राळ्याच्या वाटीत ठाण मांडून बसत, झेब्रांची जोडी दुसऱ्याच्या घरट्यातला काथ्या ओढून नेई आणि मुनिया वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसत. त्या सगळ्या कलकलाटाला शेषगिरीराव संगीत म्हणत आणि मांडीवर ताल धरत.

सून आणतानाही त्यांनी हीच हौस पुरवली. तंजावरकडच्या चार मुली सांगून आल्या होत्या, पण त्यांना देशावरची सून पाहिजे होती. अस्सल साताऱ्याची. लग्न झाल्यावर आल्यागेल्याला सांगत, "आमची सून देशावरची बरं का!" आणि तिला बाहेर बोलावून दोन वाक्यं बोलायला लावत. ती बिचारी पदर सावरून 'कसं काय, बरं आहे ना?' म्हणे, आणि बायका तोंडावर हात धरून हसत. त्यांच्या कानांना ती मराठी पुस्तकातली वाटे. सकवारबाई तर स्वयंपाकघरात तिचा पिच्छाच सोडत नसत.

"हे काय गे? डाळ पाण्यात पोहते आहे! आमटी म्हणे आमटी!"

विद्युलता उलट बोलत नसे. कामं उरकली की मागच्या पडवीत जाऊन बसे. तिथं खांबाला तिचा वेताचा पिंजरा टांगलेला होता. त्यात लाल मुनियांची जोडी. वडिलांनी निघताना दिलेली, साताऱ्याहून मद्रासपर्यंत मांडीवर धरून आणलेली. नर कुंकवाच्या बोटासारखा लाल, अंगावर पांढरे बारीक ठिपके. दुपारी सगळं घर आडवं झालं की तो अगदी बारीक आवाजात गायचा आणि ती त्याच्याशी साताऱ्याच्या बोलीत गप्पा मारायची. एकदा ती नवऱ्याला हसत हसत म्हणाली, "ह्या घरात माझी भाषा कळणारी ही दोघंच." शेषगिरीरावांनी ते ऐकलं होतं. ऐकून ते नुसते हसले होते.

नवरात्र जवळ आलं. त्या गल्लीत नवरात्र म्हणजे गोलू. पायऱ्या मांडायच्या, वर बाहुल्या लावायच्या, आणि रोज संध्याकाळी बायकांनी घरोघर जाऊन हळदीकुंकू घ्यायचं, एकेक गाणं म्हणायचं, सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खायचं आणि कुणाचा गोलू किती सुंदर ते घरी जाऊन बोलायचं. सकवारबाई विधवा, त्यामुळे त्या कुंकवाच्या बायकांत येत नसत. मधल्या दारात पाटावर बसून सगळा कारभार हाकत. कुंकवाचं ताट यंदा सुनेच्या हाती जाणार होतं. त्या वर्षी शेषगिरीरावांच्या मनानं घेतलं की बाहुल्यांच्या पायऱ्यांशेजारी संगीत महाल ठेवायचा. मातीच्या बाहुल्या काय सगळ्यांकडे असतात. जिवंत गोलू कुणाकडे आहे? आठवडाभर ते गल्लीत सांगत सुटले. आणि सांगता सांगता त्यांना दिसलं की महालात लाल रंग नाही; मग सुनेची लाल जोडीही त्यात सोडणार, असं सांगू लागले.

"विद्युलता, तुझी जोडी महालात सोडू."

ती पाणी भरत होती. कळशी खाली ठेवून म्हणाली, "नको मामंजी. फार लहान आहेत ती. वेगळीच असू द्या. तो पिवळा फार मारकुटा वाटतो मला."

पिवळा म्हणजे सुगरणीचा नर. इतके दिवस चिमणीसारखा मातकट होता, आता माथा आणि छाती हळदीनं माखल्यासारखी पिवळीधमक झालेली, आणि त्याबरोबर मिजासही वाढलेली.

"तो?" शेषगिरीराव हसले. "अगे, घरटं विणणारा पक्षी तो. घर बांधणारा दुसऱ्याचं घर मोडील काय? आणि एका घरात दोन पिंजरे बरे दिसतात? लोक म्हणतील, घरातच दुही."

लोक म्हणतील! झालं, तिथं बोलणं संपलं. दुसऱ्या दिवशी ती न्हायला गेली असताना त्यांनी स्वतःच्या हातानं वेताचा पिंजरा आणून ती दोन्ही पाखरं महालात सोडली. सकवारबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली, आणि शेषगिरीरावांनी समजूत करून घेतली की अक्काचं लक्ष नव्हतं.

विद्युलता ओल्या केसांनी बाहेर आली, महालासमोर उभी राहिली आणि आत गेली.

लाल नराचं गाणं त्या दिवसापासून बंद झालं. तो महालाच्या तळाशी कोपऱ्यात पिसं फुगवून बसायचा. मादी जाळीला धरून वर लटकायची. पुढे नराच्या मानेवरची पिसं जाऊन खाली गुलाबी कातडी दिसू लागली.

"मामंजी, बाहेर काढू का त्यांना?"

"नवीन आहेत. होईल सवय."

हे शब्द तिनं ह्या घरात आधीही ऐकले होते, स्वतःविषयी.

आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या म्हाताऱ्याला दिसलं नसेल. कसलं दिसलं नसेल! चांगलं दिसलं. सुगरणीचा नर वरून झेप घेतो आणि लाल्याच्या डोक्यावर टोची मारतो, हे त्यांनी कॉफी पिता पिता दोनदा पाहिलं. पण शुक्रवारी सगळी गल्ली यायची होती. पोस्टमास्तरांची विमला आपल्या बहिणीला मुद्दाम मैलापूरहून घेऊन येणार होती. शुक्रवार जाऊ दे, मग काढू, असं त्यांनी ठरवलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

शुक्रवारी संध्याकाळी कूडम भरून गेलं. मोगऱ्याचा आणि सुंडलाच्या फोडणीचा वास. रेशमी लुगड्यांची सळसळ. शेषगिरीराव धुवट वेष्टी नेसून, उपरणं खांद्यावर घेऊन महालाशेजारी उभे. विमलेच्या बहिणीनं गाणं म्हटलं, सगळ्यांनी वाखाणलं, आणि मग विमला महाल बघायला पुढं झाली.

"अय्यो!" ती एकदम मागे सरली. "हें काय?"

तळाच्या पत्र्यावर लाल नर उताणा पडला होता. माथा फुटलेला. ज्या लाल रंगासाठी त्याला आणला, त्यातच रक्त मिसळलेलं, त्यामुळे नीट कळतही नव्हतं. वरच्या दांडीवर तो पिवळा झावळीचा धागा चोचीत धरून ऐटीत बसला होता.

 देवीपुढं, ऐन शुक्रवारी, मेलेलं पाखरू! कुणी पुटपुटलं, "कुणी घातलं ते तिथं?"

उत्तर मधल्या दारातून आलं. सकवारबाई म्हणाल्या, "तिचींच पाखरं तीं. साताऱ्याहून आणलेलीं. महालात घालूं नको म्हटलं होतं मी. ऐकते कुठं!"

विद्युलता कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिनं सकवारबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं सासऱ्यांकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. नुसती वाट बघत होती ती. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी. 'मी घातलं.' दोन शब्द. जिभेला एवढं काय ओझं होतं!

शेषगिरीरावांनी उपरणं सारखं केलं आणि ते पायरीवरच्या चेट्टियार वाण्याच्या बाहुलीकडे बघत राहिले. पोट सुटलेला, पुढ्यात डाळतांदूळ मांडून बसलेला मातीचा चेट्टियार. त्याला जन्मात पहिल्यांदा पाहत असल्यासारखे.

"हो," विद्युलता म्हणाली. "चुकलं माझं."

आणि तिनं पुढच्या बाईला कुंकू लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. 

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा शेषगिरीरावांना सुटल्यासारखंच वाटलं. निभावलं, असं वाटलं. बायका गेल्या. विद्युलतेनं ते पाखरू आपल्या जुन्या झंपराच्या तुकड्यात गुंडाळलं आणि परसात पपईखाली पुरलं. तेव्हा ती रडत होती, आवाज न करता. ते त्यांनी खिडकीतून पाहिलं, आणि तिथून त्यांची सुटका संपली. लाज हळूहळू अंगात भिनायला लागली.  ती वाढायला वाकली की मान आपोआप खाली जाई. चारचौघांत जी मान जन्मभर ताठ ठेवली, ती आपल्याच घरात, आपल्याच सुनेपुढं वर होईना.

मादीला त्यांनी दुसऱ्याच दिवशी वेताच्या पिंजऱ्यात परत ठेवलं. तेवढं जमलं. बोलायचं जमलं नाही. दोनदा मागच्या पडवीपर्यंत गेले, घसा खाकरला, "आज उकडतंय" म्हणाले आणि परत आले. तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला, तो अक्काच्या हाती दिला. एकदा जेवताना धीर करून म्हणाले, "आमटी फक्कड झालीय हो!"

"आज सांबार आहे, मामंजी," ती म्हणाली.

विद्याधर खो खो हसला. शेषगिरीरावांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि त्याच विद्याधरानं हात धुताना त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "अप्पा, तिच्यावर अजून राग धरून आहात का? जाऊ द्या ना. तिला पाखरांतलं काय कळतं? चुकून घातलीन् तिनं."

म्हणजे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं! एका उशीवर डोकं ठेवणाऱ्या माणसालासुद्धा नाही. शेषगिरीराव तोंड उघडून उभे राहिले. आत्ता, आत्ता सांगावं. "नाही रे, राग कसला," एवढंच बोलले आणि निघून गेले. हे दुसरं पाप पहिल्यापेक्षा मोठं. पहिल्या वेळी निदान सगळी गल्ली समोर होती, इथं आपलाच मुलगा होता.

पोंगल झाल्यावर विद्याधरला अंबत्तूरच्या नव्या कारखान्यात जागा मिळाली. गिंडीपेक्षा बरी नोकरी, कारखान्याजवळच दोन खोल्या. सामान बंडीत चढलं. विद्युलता वेताचा पिंजरा हातात घेऊन पाया पडायला आली.

"ती राहू दे इथं," शेषगिरीराव चाचरत म्हणाले. "एकटी पडेल तिथं. इथं सोबत आहे."

तिनं महालाकडे एकदा पाहिलं. "नको, मामंजी. एकटीच बरी आहे ती."

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं.

त्यानंतर त्यांनी महाल मोकळा केला. सुगरणीच्या नराला कूवम नदीच्या काठच्या ताडांवर सोडून आले, बाकीची पाखरं जोडीजोडीनं वेगळ्या पिंजऱ्यांत, ज्यांना पाहिजे त्यांना दिली. गल्लीतले विचारत, "राव, संगीत बंद केलंत?"  रिकाम्या महालात सकवारबाई वडे-पापड वाळवून ठेवू लागल्या.

असंच एकदा दुपारी अक्का तिथं तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेषगिरीराव समोर येऊन बसले आणि त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "अक्का, ती पाखरं महालात मी घातली होती. तिनं नाही."

सकवारबाईंनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "तें मला काय सांगतोस? घातलींस तेव्हां मी इथंच होतें की."

"मग... तू तिचं नाव का घेतलंस?"

"मग काय तुझं घेऊं? गल्ली जमली होती. घरातल्या पुरुषानं बायकांपुढं मान खाली घालायची? सून आहे ती. सोसेल. आम्ही सोसलं नाही?"

"पण विमला... त्या बायका... त्यांना वाटलं असेल की..."

"काय वाटायचं?" अक्का पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलल्या. "आठवडाभर तूंच तर दारोदार सांगत फिरलास, सुनेची लाल जोडी महालात घालणार म्हणून! सगळ्यांना ठाऊक होतं. विमला जाताना मला म्हणाली, 'पावम्, बिचारी ती पोर.' मी म्हटलं, उगे रहा."

 म्हणजे जी मान ताठ राहावी म्हणून शेषगिरीराव गप्प बसले, ती त्या संध्याकाळी ताठ राहिलीच नव्हती. कूडमातल्या प्रत्येक बाईनं पाहिलं होतं, हा माणूस सुनेच्या पदराआड कसा लपला ते. आणि मग सगळ्याजणी सुंडल खाऊन, 'गोलू छान' म्हणून गेल्या होत्या. जन्मभर हेच चाललं असेल. त्या बरण्या, त्या विसरलेल्या मुंजी. सगळ्यांना सगळं ठाऊक. एकट्या त्यांनाच वाटत होतं की झाकलं गेलंय. कानशिलं तापली त्यांची. नव्या नवरीसारखे जमिनीकडे बघत बसले.

पुढच्या रविवारी ते अंबत्तूरला निघाले. सेंट्रलला गाडी पकडायची, तर मूर मार्केट वाटेतच. पाखरांच्या दुकानांपुढं पाय थांबले. एका पिंजऱ्यात लाल नर होते, अगदी तसेच. एक घेऊन जावा, मादीला जोड होईल, तिचंही तोंड हसेल, आणि बोलायची वेळच येणार नाही. हात पिशवीकडे गेला. आणि त्यांचा त्यांनाच राग आला. पुन्हा तेच! पुन्हा झाकायचंच! ते तरातरा स्टेशनात शिरले.

दोन खोल्यांचं घर स्वच्छ होतं. विद्याधर बाहेर गेलेला. विद्युलता आता अडखळत का होईना, तमिळ बोलत होती. शेजारची अलमेलू नळाच्या पाण्याची चौकशी करायला आली होती आणि दाराशीच टेकली होती. वेताचा पिंजरा खिडकीत होता. मादी दांडीवर एकटी बसलेली.

अलमेलूनं सहज विचारलं, "का हो मामा, हे एकच पाखरू आणलंय हिनं? ह्यांची तर जोडी असते म्हणतात. दुसरं कुठं गेलं?"

विद्युलता कॉफी ओतत होती. तिचा हात थांबला. तिनं मान वर केली आणि सासऱ्यांकडे बघितलं. तेच बघणं. राग नाही, काही नाही. नुसती वाट बघणं. अजूनही!

शेषगिरीरावांचा हात उपरण्याकडे गेला. मग तो त्यांनी खाली घेतला.

"मी मारलं ते," ते तमिळमध्ये म्हणाले.  "मोठ्या पिंजऱ्यात मी घातलं. ही नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. मग चारचौघांत दोष हिच्यावर आला, तेव्हाही मी बोललो नाही."

अलमेलूनं 'च्च' केलं. "पावम्," ती म्हणाली, आणि मग विद्युलतेकडे वळून तिनं विचारलं की उद्या नळाला पाणी सकाळी येणार की दुपारी.

विद्युलतेनं डोळ्यांना पदर लावला, तिला पाण्याची वेळ सांगितली आणि कॉफीचा पेला सासऱ्यांपुढं सरकवला.

"घ्या मामंजी. गार होईल."

शेषगिरीरावांनी पेला उचलला. छप्पर कोसळलं नव्हतं. कुणी हसलं नव्हतं. अलमेलू तर ते विसरूनसुद्धा गेली होती. इतकं सोपं होतं ते, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.